बेटाला शेजारचे गाव नसते : छोट्या द्वीपराष्ट्रांचे जमीन-नियोजन

कोल्हापुरात जुलैची झड लागली की गांधी मैदानात पाणी साचते. दरवर्षी त्यावर चर्चा होते आणि निचऱ्याचे नवे उपाय सुचवले जातात. परंतु जुन्या पेठांतील ज्येष्ठांना त्यात नवल वाटत नाही, कारण या मैदानाच्या जागी पूर्वी वरुणतीर्थ नावाचे तळे होते हे त्यांना ठाऊक असते. कपिलतीर्थाची तर आज मंडई झालेली आहे. एके काळी कोल्हापूर हे तळ्यांचे गाव होते आणि त्यातील कितीतरी तळी एकेक करून बुजवली गेली. मात्र तळ्याकडे येणारा उतार कोणाला बुजवता आला नाही, त्यामुळे पाणी अजूनही आपल्या जुन्या पत्त्यावर येत राहते.

अशा चुका शहराला पचल्या, कारण बाजूला सरकायला जागा होती. महापालिकेचे क्षेत्र ६६.८२ चौरस किलोमीटर आहे आणि हद्दवाढीचा वाद वर्षानुवर्षे चालू आहे, पण घरे त्या वादाच्या निकालासाठी थांबली नाहीत. ती पाचगाव, उचगाव, कळंब्याच्या दिशेने पसरत गेली. पिण्याचे पाणी काळम्मावाडी धरणातून थेट पाइपलाइनने येते, आणि भाजी, दूध, वीट, वाळू, खडी हे सारे आसपासच्या तालुक्यांतून येते. आता अशी कल्पना करावी, की हद्दीच्या दगडापलीकडे पाचगाव नाही, समुद्र आहे. धरणासाठी दुसरा तालुका नाही, खडीसाठी दुसरा डोंगर नाही, आणि जो कचरा डोळ्यांआड करायचा तोही याच ६६ चौरस किलोमीटरांत कुठेतरी ठेवायचा आहे. छोट्या द्वीपराष्ट्राच्या जमीन-नियोजनाचा प्रश्न एवढाच आहे, आणि एवढाच असल्यामुळे तो फार अवघड आहे.

जमीन-नियोजन, किंवा शासकीय भाषेत भूवापर नियोजन, म्हणजे कोणत्या जमिनीवर काय करायचे, काय मुळीच करायचे नाही आणि हे कोणी ठरवायचे, याचा आधीच केलेला निर्णय. आपल्याकडे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ खाली विकास आराखडे होतात, त्यातील पिवळे, हिरवे, निळे पट्टे हे त्याचे परिचित रूप आहे. ‘शाश्वत’ हे विशेषण त्याला जोडले की अट एवढीच वाढते, की आजचा वापर असा असावा, ज्यामुळे त्या जमिनीचा उद्याचा वापर बंद होणार नाही. मोठ्या देशात ही अट मोडली तरी तिची किंमत दूरच्या कोणाला तरी, पुष्कळ वर्षांनी मोजावी लागते. बेटावर ती त्याच माणसाला, बहुधा त्याच्या हयातीतच मोजावी लागते.

आकारांचा अंदाज घेतल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. कोल्हापूर जिल्ह्याचे क्षेत्रफळ ७,६८५ चौरस किलोमीटर आहे. मॉरिशस सुमारे २,०४० चौरस किलोमीटरांचे आहे, म्हणजे आपल्या जिल्ह्यात ते पावणेचार वेळा मावेल. कॅरिबियन समुद्रातील बार्बाडोस सुमारे ४३० चौरस किलोमीटर. मालदीवची जवळपास १,२०० बेटे एकत्र केली तरी जमीन भरते सुमारे ३०० चौरस किलोमीटर, आणि तिची सरासरी उंची समुद्रसपाटीपासून दीड मीटर आहे. पॅसिफिकमधील तुवालू २६ आणि नाऊरू २१ चौरस किलोमीटर, म्हणजे कोल्हापूर शहराच्या निम्म्याहूनही कमी. यांपैकी प्रत्येकाला स्वतःची संसद, विमानतळ, रुग्णालय, बंदर, स्मशानभूमी आणि कचऱ्याची जागा हवी असते, आणि विमानाची धावपट्टी देश लहान आहे म्हणून आखूड करता येत नाही.

बेटाचा आराखडा इमारतींपासून किंवा रस्त्यांपासून सुरू करता येत नाही. तो पाण्यापासून सुरू करावा लागतो, आणि तेही डोळ्यांना न दिसणाऱ्या पाण्यापासून.

महाविद्यालयात भूगोल शिकवत असताना मी हा भाग एका काचेच्या चौकोनी भांड्यावर दाखवत असे. भांड्यात वाळूचा उंचवटा करायचा, भोवतीने निळी शाई घातलेले मिठाचे पाणी सोडायचे, आणि मग उंचवट्याच्या माथ्यावर झारीने साधे पाणी हळूहळू शिंपायचे. थोड्या वेळाने काचेतून दिसू लागते, की गोडे पाणी वाळूत मुरून तळाला गेलेले नाही. ते खाऱ्या पाण्याला खाली ढकलून त्याच्यावर तरंगत राहिले आहे. त्याचा आकार मधोमध जाड आणि कडेला पातळ असा होतो. याला भूजलशास्त्रात भिंग म्हणतात. ‘लेन्स’ हा शब्द मूळचा लॅटिन भाषेतील मसुराच्या नावावरून आलेला आहे, आणि अख्खा मसूर आवडीने खाणाऱ्या आपल्या भागातील मुलांना तो आकार समजावून सांगायला मला त्याहून जास्त काही लागले नाही.

हे घडते ते वजनातील अगदी किरकोळ फरकामुळे. एक लिटर गोडे पाणी एक किलो भरले तर समुद्राचे पाणी साधारण एक किलो पंचवीस ग्रॅम भरते. या पंचवीस ग्रॅमचा हिशेब असा निघतो, की बेटाखाली गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा जर एक फूट वर असेल, तर तेच पाणी समुद्रसपाटीच्या खाली सुमारे चाळीस फुटांपर्यंत असते. ऐकायला ही चैन वाटते, परंतु हिशेब उलटाही चालतो. उपसा करून वरची पातळी एक फूट खाली आणली, की तळाचे खारे पाणी कालांतराने चाळीस फूट वर सरकू पाहते. प्रत्यक्षात भरती-ओहोटीमुळे दोन्ही पाणी मिसळत असल्याने हे आकडे इतके स्वच्छ राहत नाहीत, आणि सखल प्रवाळबेटांवर तर भिंग फारच पातळ असते. पण दिशा तीच. विहिरीत एकदा खार शिरली की ती पुन्हा गोडी व्हायला पाऊस आणि वर्षे दोन्ही खर्ची पडतात. शिरोळ तालुक्यात क्षारपड झालेल्या रानांकडे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना मीठ जमिनीतून किती सावकाश निघते हे वेगळे सांगायला नको.

मालदीवची राजधानी माले या मार्गाने गेली. जेमतेम दोन चौरस किलोमीटरच्या मूळ बेटावर वस्ती दाटत गेली, विहिरींचा उपसा वाढला, सांडपाणी त्याच वाळूत मुरले आणि बेटाखालचे भिंग संपले. आज हे शहर समुद्राचे पाणी यंत्राने गोडे करून पिते. डिसेंबर २०१४ मध्ये या यंत्रणेला आग लागली, तेव्हा शहराकडे दुसरा पाण्याचा स्रोतच नव्हता. भारताने विमानांनी आणि नौदलाच्या जहाजांनी पिण्याचे पाणी पाठवले. त्या मोहिमेला ‘ऑपरेशन नीर’ असे नाव होते. पुराच्या दिवसांत चोहीकडे पाणी असताना टँकरची वाट पाहणे काय असते, ते कोल्हापूरकरांनी २०१९ साली अनुभवले आहे. मालेत ते पावसाळ्याशिवाय आणि पुराशिवाय घडले.

म्हणून बेटावर जमिनीच्या वरचा वापर हा खालच्या पाण्याचा वापरही असतो. गॅरेज, शौचकूप, कचऱ्याचा ढीग, खताचे रान यांपैकी काय कुठे ठेवायचे, याचे उत्तर खालचे पाणी कोणत्या दिशेने आणि किती वेगाने चालते यावर ठरते. बार्बाडोसने हे फार लवकर ओळखले. त्या बेटाचा बहुतेक भाग प्रवाळापासून बनलेल्या चुनखडीचा आहे. त्यातून पाणी चाळणीसारखे खाली जाते, आणि देशाचे पिण्याचे पाणी बहुतांशी त्या भूगर्भातूनच येते. १९६३ साली तेथे सार्वजनिक विहिरींभोवती पाच पट्टे आखण्यात आले. पट्टे आखताना त्यांनी फुटांचे किंवा मीटरांचे अंतर धरले नाही, दिवस धरले. जमिनीवरून मुरलेले पाणी विहिरीपर्यंत पोहोचायला जेथून ३०० दिवसांहून कमी लागतात तो पहिला पट्टा, आणि तेथे नव्या वस्तीला मनाई. रोगजंतू जमिनीखाली साधारण १०० दिवसांत मरतात, असे गृहीत धरून त्याच्या तिप्पट मुदत ठेवलेली होती. पुढच्या पट्ट्यांत मुदत वाढते आणि बंधने सैल होत जातात.

मला स्वतःला या विषयातील ही सर्वांत सुंदर कल्पना वाटते. नकाशावरची रेषा एखाद्या अधिकाऱ्याच्या पट्टीने ओढलेली नसून पाण्याच्या चालीने ओढलेली आहे, आणि तिचे कारण शेतकऱ्याला एका वाक्यात सांगता येते: ‘तुझ्या अंगणातले पाणी दहा महिन्यांच्या आत गावाच्या हंड्यात येते.’ आपल्याकडे पंचगंगेच्या काठाने आखलेल्या पूररेषांचे तत्त्व याच जातीचे आहे. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा, लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. दोन्ही रेषा नदीने काढलेल्या आहेत. आपण फक्त त्या कागदावर उतरवतो आणि नंतर त्यांच्याशी भांडतो.

भांडण खोटे नसते, हेही म्हटले पाहिजे. पहिल्या पट्ट्यात ज्याची वडिलोपार्जित जमीन आहे, त्याच्या जमिनीने साऱ्या देशाचे पाणी राखायचे आणि त्याने मात्र मुलासाठी दोन खोल्या बांधायच्या नाहीत, यात अन्याय आहे. निळ्या रेषेत ज्यांचे गुंठे अडकले आहेत, त्यांचीही तक्रार हीच असते. आराखडा जर फक्त मनाई करत असेल आणि मनाईची किंमत कोण भरणार हे सांगत नसेल, तर तो फार काळ पाळला जात नाही. रात्रीत पत्रे चढतात, मग वीज जोडली जाते, मग मतदार यादी होते. नियोजनावरच्या पुस्तकांत हा टप्पा थोडक्यात आटोपलेला असतो, पण आराखडे फाटतात ते येथेच.

तरीही क्रम तोच राहतो. बेटाच्या नियोजनात आधी कुठे बांधायचे नाही ते ठरते आणि उरलेल्या जागेत कुठे बांधायचे ते बघितले जाते. पद्धत समजायला सोपी आहे. बेटाचा एक नकाशा घ्यावा आणि त्यावर पारदर्शक कागद एकावर एक ठेवत जावे. एका कागदावर तीव्र उतार रंगवावेत, दुसऱ्यावर भूजल भरण्याच्या जागा, तिसऱ्यावर वादळात लाट जिथवर आत येते तो पट्टा, चौथ्यावर ओढ्या-नाल्यांच्या वाटा, पाचव्यावर कसदार माती, पुढे जंगल आणि खारफुटी. सगळे कागद ठेवून उजेडाकडे धरले की जो भाग कोराच राहतो, तेथे घरे, रस्ते, कारखाने सुखाने होऊ शकतात. आज हे काम संगणकावर होते, परंतु तत्त्व कागदाचेच आहे. बेटावर हा कोरा भाग बहुधा इतका लहान निघतो, की तो पाहिल्यावर खोलीत शांतता पसरते, आणि मग खरे नियोजन सुरू होते: कोणत्या रंगाशी किती तडजोड करायची.

या तडजोडीचे सर्वांत शिकण्यासारखे उदाहरण मॉरिशस आहे, आणि कोल्हापूरच्या वाचकाला ते विशेष जवळचे वाटावे, कारण ती कथा उसाची आहे. १८३४ पासून भारतातून करारावर नेलेले मजूर तेथे उतरू लागले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले मराठी लोकही होते, आणि आज त्या देशात गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. १८६३ साली त्या बेटावर ३०३ साखर कारखाने होते. अर्थात ते आजच्या कारखान्यांसारखे नव्हते, थोरल्या गुऱ्हाळांसारखेच म्हणावे लागतील. तरी आपल्या जिल्ह्याच्या चौथ्या हिश्शाएवढ्या जागेत तीनशे धुराडी ही कल्पना करून पाहण्यासारखी आहे. १९७०च्या दशकात तेथे सुमारे ८० हजार हेक्टरांवर ऊस उभा असे. युरोपातील देश ठरलेल्या चढ्या दराने साखर घेत, त्यामुळे बेटाचा नकाशा जवळजवळ आपोआप ठरलेला होता: मध्ये डोंगर आणि तळी, भोवती ऊस, कडेला वस्ती.

उसाचे एक काम कोणत्याही हिशेबवहीत लिहिले जात नव्हते. मॉरिशसला चक्रीवादळे झोडपतात. ज्वालामुखीच्या खडकावर तेथील माती आहे, आणि उतार सरळ समुद्राकडे जातो. ऊस वादळात आडवा होतो पण मुळे सोडत नाही, खोडवा पुन्हा फुटतो, आणि त्याच्या झाडोऱ्याखालची माती जागच्या जागी राहते. उतारावरची माती सुटली तर ती समुद्रात जाऊन प्रवाळावर बसते आणि प्रवाळ गुदमरतो. म्हणजे साखर हे त्या पिकाचे विकले जाणारे उत्पादन होते, आणि न विकली जाणारी दोन कामे ते फुकट करत होते: माती धरून ठेवणे आणि डोंगरापासून किनाऱ्यापर्यंत जमीन मोकळी राखणे.

२००६ पासून युरोपीय संघाने साखरेचा हमी दर टप्प्याटप्प्याने ३६ टक्क्यांनी खाली आणला आणि जुना साखर करार २००९ मध्ये संपला. कारखाने एकेक करून बंद झाले. आज तेथे तीन उरले आहेत. उसाखालचे क्षेत्र निम्म्यावर आले. मोठ्या मळ्यांच्या कंपन्यांनी चिपाडापासून, म्हणजे आपण ज्याला बगॅस म्हणतो त्यापासून, वीज करून विकायला सुरुवात केली, पण छोट्या शेतकऱ्यांना ते जमण्यासारखे नव्हते. मजूर मिळेना, मुले शहरात नोकरीला गेली, आणि बरीच राने पडीक झाली. ‘उसाला दर मिळाला नाही तर काय’ हा प्रश्न आपल्याकडे आंदोलनाचा असतो. तेथे तो देशाच्या नकाशाचा प्रश्न झाला.

रान रिकामे झाले की त्यावर पहिला दावा कोणाचा, येथे आराखड्याची परीक्षा होते. मॉरिशसमध्ये तीन दावेदार आले. पहिला दावा परदेशी श्रीमंतांसाठी बंगल्यांचा. २००२च्या एका योजनेनुसार किमान ५ लाख डॉलर किमतीचा बंगला घेणाऱ्या परदेशी माणसाला देशात राहण्याचा परवाना मिळू लागला, आणि किनाऱ्याजवळच्या उसाच्या रानांत गोल्फची मैदाने हिरवी झाली. दुसरा दावा नव्या धंद्यांचा. राजधानीच्या दक्षिणेला एबेन येथे उसाच्या शेतावर भारताच्या अर्थसाहाय्याने माहिती-तंत्रज्ञानाचे उपनगर उभे राहिले. तिसरा दावा सामान्य कुटुंबांच्या घरांचा. शेतजमिनीचे तुकडे पाडून प्लॉट विकण्याला तेथे फ्रेंच वळणाचा ‘मोर्सेलमां’ असा शब्द आहे. आपण ‘प्लॉटिंग’ म्हणतो आणि बिगरशेती परवान्याच्या मागे धावतो, ते प्रकरण हेच. चौथा एक दावेदार होता, तो मात्र क्वचितच रांगेत उभा राहिला: अन्न. हा देश तांदूळ आणि गहू बाहेरून आणतो, आणि पिकाखालून सुटलेली कसदार जमीन भाजीपाल्याकडे न जाता पहिल्या तिघांकडे वळली, तर ती परत फिरत नाही. काँक्रीट उकरून पुन्हा ऊस लावल्याचे मी अजून पाहिलेले नाही.

माझ्या मते यांतील दुसरा दावा सर्वांत समर्थनीय होता आणि पहिला सर्वांत कमी. दुसऱ्यामुळे लोक दाट, एकत्र आणि बससेवेजवळ आले. राजधानी पोर्ट लुईपासून डोंगरावरच्या क्युरपिपपर्यंत जुन्या गावांची एक सलग माळ आहेच, त्या माळेत एबेन बसते, आणि त्याच माळेवर मेट्रो एक्सप्रेस धावते. तिचा पहिला टप्पा २०१९ मध्ये सुरू झाला. बेटावर वस्ती लांबवण्यापेक्षा दाटवणे बहुधा स्वस्त पडते: नळ, गटार आणि रस्ता यांची लांबी कमी होते आणि माती उरते. पहिल्या दाव्याने परकीय चलन आणले हे खरे, पण त्याने जमिनीचा भाव स्थानिकांच्या पगाराशी तोडून परदेशी बँकखात्यांशी जोडला. एकदा तो तसा जोडला, की कोणताही आराखडा स्थानिक तरुणाला किनाऱ्याजवळ घर देऊ शकत नाही.

किनाऱ्याच्या बाबतीत मात्र मॉरिशसकडे जुनी पुण्याई आहे. फ्रेंच अमलात, १८०७ मध्ये, भरतीच्या रेषेपासून आत ८१.२१ मीटर रुंदीची पट्टी राखून ठेवण्याचे ठरले. हा विचित्र आकडा २५० जुन्या फ्रेंच फुटांवरून आलेला आहे. त्या काळी हेतू किनाऱ्यावर तोफा ठेवण्याचा होता, पर्यावरणाचा नव्हे. परंतु पट्टी सरकारची राहिली, ती विकता येत नाही, आणि पुढे इंग्रजी अमलात १८९५च्या कायद्याने ते पक्के झाले. ती भाडेपट्ट्याने मात्र देता येते, आणि याच फटीतून हॉटेले आणि बंगले आत आले आहेत. तरीही आज जे सार्वजनिक किनारे उरले आहेत, जेथे रविवारी सहकुटुंब डबे घेऊन जाता येते, ते या पट्टीमुळे उरले. कोकणात १९९१ पासूनच्या किनारा नियमन अधिसूचनांवरून, म्हणजे ‘सीआरझेड’वरून, किती हमरीतुमरी होते हे आपण पाहतो, मॉरिशसने ती भांडणे व्हायच्या आधी जवळपास दोनशे वर्षे, वेगळ्याच कारणासाठी, रेषा ओढून ठेवली होती.

किनाऱ्याची वाळू येते कुठून, हेही येथे सांगितले पाहिजे, कारण नदीकाठच्या माणसाला समुद्राची पांढरी वाळू नदीच्या वाळूसारखीच वाटते. प्रवाळबेटाभोवतीची वाळू बव्हंशी जिवंत कारखान्यात तयार होते: प्रवाळ आणि शिंपल्यांचे तुकडे, आणि प्रवाळ कुरतडून त्याचा भुगा टाकणारे मासे. प्रवाळाची भिंत बाहेर लाट फोडते आणि आत वाळू पुरवते. म्हणून ती भिंत डोंगराइतकीच जमीन-नियोजनाचा भाग आहे, जरी ती सातबाऱ्यावर कोठेच नसली तरी. मॉरिशसमध्ये बांधकामासाठी उथळ समुद्रातून वाळू उपसत असत. २००१ मध्ये त्यावर बंदी आली आणि बांधकामे खडक फोडून केलेल्या वाळूकडे वळली, म्हणजे आपल्याकडे ज्याला क्रश सँड म्हणतात तिच्याकडे. ती वाळू फोडायलाही डोंगर लागतो. बेटावर वाळूसारखी गोष्टही सहजासहजी दुसरीकडून येत नाही, याचे हे छोटे उदाहरण.

पाण्याच्या वाटा विसरल्या की काय होते, ते पोर्ट लुईने ३० मार्च २०१३ रोजी पाहिले. थोड्या वेळात प्रचंड पाऊस पडला, डोंगराच्या कुशीतून उतरलेले पाणी शहरातील भुयारी वाटांत शिरले आणि ११ माणसे दगावली. त्यानंतर २०१७ मध्ये केवळ निचऱ्यासाठी स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा करण्यात आला. कोल्हापुरातील जयंती नाल्याच्या काठाने राहणाऱ्यांना यातील कारणमीमांसा वाचायची गरज नाही.

नाऊरूबद्दल थोडक्यातच लिहितो, कारण तेथे नियोजन करण्यासारखे फारसे शिल्लक ठेवले गेले नाही. मॉरिशस आणि नाऊरू एकाच वर्षी, १९६८ मध्ये, स्वतंत्र झाले. नाऊरूच्या मधल्या पठारावर खताला लागणारे फॉस्फेट होते; विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ते खणून परदेशी शेतांवर पसरले गेले. सुमारे ८० टक्के भूमी खणली गेली आणि मागे उरले ते चुनखडीचे सुळके, ज्यांवर ना पेरता येते ना बांधता येते. लोक किनाऱ्याच्या अरुंद कडेवर राहतात. ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्यांनी १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयात दाद मागितली आणि १९९३ मध्ये तडजोडीने भरपाई मिळाली. पैसे आले, पठार आले नाही.

दुसऱ्या टोकाला सिंगापूर. बेटाच्या नियोजनाचा विषय निघाला की कोणीतरी सिंगापूरचे नाव घेतोच. त्यांनी १९७१ मध्ये दूरच्या काळाचा संकल्प-आराखडा केला, तपशिलाचा आराखडा दर पाच वर्षांनी तपासतात, आणि आज देशाच्या दोन-तृतीयांश जमिनीवर पडणारे पाणी तलावांत वळवलेले आहे. हे सारे कौतुकाचे आहे. परंतु तेथील बहुतेक जमीन सरकारच्या मालकीची आहे, १९६६च्या भूसंपादन कायद्याने ती स्वस्तात घेता आली, आणि त्यांच्याकडे पैसा होता. शिवाय सिंगापूर ५८१ चौरस किलोमीटरांवरून समुद्रात भराव टाकत टाकत ७३० च्या पुढे गेले, त्यासाठीची वाळू शेजारी देशांतून आली, आणि इंडोनेशियाने २००७ मध्ये ती निर्यात बंद केली. म्हणजे सिंगापूरलाही शेजारचे गाव लागलेच. फक्त ते समुद्रापलीकडे होते. मालदीवने १९९७ पासून हुळहुमाले हे बेट भराव घालून उभारले, मालेपेक्षा उंच आणि आखीवरेखीव. तेथे माणसे राहू लागली, दाटी थोडी हलकी झाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण भरावाची वाळू ज्या उथळ समुद्रतळातून काढतात, तोच तळ प्रवाळाला धरून असतो. घराचा पाया खणून त्याच मातीने माडी लिंपावी, तसे हे आहे.

आता मालकीचा प्रश्न, ज्याच्याशिवाय आधीचे सगळे पारदर्शक कागद व्यर्थ आहेत. फिजीत सुमारे ८७ टक्के जमीन मूळ रहिवासी गोतांच्या सामाईक मालकीची आहे आणि ती विकता येत नाही. ऊस पिकवणारे बहुतांशी भारतातून करारावर गेलेल्या मजुरांचे, म्हणजे गिरमिटियांचे, वंशज. ते ही जमीन भाडेपट्ट्याने कसत. १९७६च्या कायद्याने पट्टे ३० वर्षांचे झाले, आणि १९९७ पासून जुने पट्टे संपू लागले, तेव्हा अनेकांचे नूतनीकरण झाले नाही. पिढ्यान् पिढ्या कसलेले रान सोडून कुटुंबे शहरांच्या कडेला झोपड्यांत आली. ज्याला पाच वर्षांनी शेत सुटणार हे ठाऊक आहे, तो बांध घालत नाही, झाड लावत नाही, शेणखत टाकत नाही. खंडाने रान करणाऱ्या कोणालाही विचारावे. शाश्वततेसाठी आधी मुदत लागते.

पण त्याच सामाईक मालकीची दुसरी बाजू वुनिदोगोलोआ या फिजीतील गावात दिसली. भरतीचे पाणी घरांत शिरू लागल्याने २०१४ मध्ये हे गाव दोनेक किलोमीटर आत, उंचावर हलवण्यात आले. ते शक्य झाले, कारण वरची जमीनही त्याच गोताची होती. कोणाकडून विकत घ्यायची नव्हती, कोणाला हुसकायचे नव्हते. कोल्हापूरजवळच्या आंबेवाडी-चिखली या पूरग्रस्त गावांच्या पुनर्वसनाच्या फायली ज्यांनी जवळून पाहिल्या असतील, त्यांना ‘आधीच आपली असलेली उंचावरची जमीन’ या शब्दांची किंमत कळेल.

समुद्र चढतो आहे, याबद्दल आता वाद उरलेला नाही. १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटर वाढली, आणि २००६ नंतर वाढीचा वेग वर्षाला सुमारे ३.७ मिलिमीटर झाला. पंचगंगेची पातळी आपण राजाराम बंधाऱ्यावर फुटांनी मोजतो, ३९ ला इशारा आणि ४३ ला धोका, त्यामुळे मिलिमीटरांचे भय वाटत नाही. परंतु नदी उतरते. समुद्राची ही वाढ उतरत नाही, आणि किनारा जितका सपाट तितकी ती आडवी जास्त पसरते. म्हणून दीड मीटर उंचीच्या देशांच्या आराखड्यात आज एक असा रकाना आला आहे, जो इतर कोणत्याही देशाच्या आराखड्यात नसतो: या जमिनीवरून निघायचे झाल्यास कोठे. तुवालूने नोव्हेंबर २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाशी केलेल्या करारात आपल्या नागरिकांना तेथे जाऊन राहण्याची वाट ठेवली. पॅसिफिकमधीलच किरिबाती या द्वीपराष्ट्राने २०१४ मध्ये सरळ दुसऱ्या देशात, फिजीच्या वानुआ लेवू बेटावर, सुमारे साडेपाच हजार एकर जमीन विकत घेतली. पुढेमागे तेथे अन्न पिकवता येईल, आणि अगदी वेळ आलीच तर माणसे नेता येतील, असा विचार त्यामागे होता. बेटाला शेजारचे गाव नसते, तर ते विकत घ्यावे, असा हा व्यवहार. त्या जमिनीवर आधीपासून एक वस्ती होती. सॉलोमन बेटांतून एके काळी मजुरीसाठी आणलेल्या लोकांची नातवंडे-पतवंडे तेथे शेती करून राहत होती.